भोये सर, पुस्तक लागलं

भोये सर, महत्त्वाचा विषय आधी. परवाच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत ‘आंब्यापल्याडचं शेत’ एम.ए. मराठीच्या वसाहतोत्तर साहित्याच्या पेपरला लागलं. पूरक वाचनात नाही. नेमलेल्या पुस्तकांत, तिसऱ्या क्रमांकावर, वीस गुणांना. इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. आता त्याला कोणी हात लावू शकत नाही.

हे तुम्हाला फोनवर सांगायचं होतं. बैठक संपल्यावर जिन्यात उभं राहून मी सवयीने फोन काढलाही. तुमच्या नावाखाली शेवटचा निरोप होता तो परीक्षेच्या पर्यवेक्षणाचा. मी लिहिलं होतं, ‘गुरुवारी दुसरी पाळी तुमची.’ तुम्ही लिहिलं होतं, ‘ठीक.’ वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाकडून मला आलेला शेवटचा शब्द ‘ठीक’. एरवी तुम्ही दोन ओळींच्या निरोपाला चार ओळींचं उत्तर द्यायचात, त्यात निदान एक टोमणा असायचा. तो शब्द इतका कोरडा का होता, हे मला माहीत आहे. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. तुम्हाला ओळखत नव्हते त्यांनाही कळेल, असं. तुम्ही म्हणाल, ‘मॅडमची झाली सुरुवात.’ होय, झाली.

पेपर नवीन होता. इंग्रजांच्या राजवटीखाली राहिलेल्या समाजांनी ती राजवट गेल्यावर काय लिहिलं, ते शिकवायचं. परदेशातली पुस्तकं मराठी अनुवादात आणि आपल्याकडची मूळ मराठीत, मिळून पाच निवडायची. त्यांतलं निदान एक आदिवासी लेखकाचं असावं, असं अध्यक्षांचं म्हणणं. निवडसमितीची निमंत्रक मी. समितीत मी, तुम्ही आणि मालेगावच्या कॉलेजातल्या एक मॅडम, ज्या प्रत्येक वेळी फोनवर ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणायच्या. थोडक्यात, मी आणि तुम्ही.

मी नेहमीचा आखलेला कागद काढला. डावीकडे पुस्तकाचं नाव, पुढे पाच रकाने. लेखकाची माहिती. पानं. बाजारात मिळतं का. लायब्ररीत आहे का. त्यावर समीक्षा लिहिली गेली आहे का. पाचही रकाने भरले तर पुस्तक पुढे, एक जरी रिकामा राहिला तर बाद. अकरा वर्षं मी याच कागदावर अभ्यासक्रम केले आहेत आणि माझा एकही मसुदा परत आलेला नाही. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून कागद लांब धरलात.

‘मॅडम, हा स्थळाचा बायोडाटा आहे का?’

‘सर, काम करू या.’

‘नाही, गोत्राचा रकाना दिसला नाही म्हणून विचारलं.’

पहिलं पुस्तक मी सुचवलं. शहरातल्या एका नावाजलेल्या लेखकाने आदिवासी पाड्यावर लिहिलेली कादंबरी. पाचही रकाने काठोकाठ भरलेले. समीक्षेच्या रकान्यात तर जागा पुरली नाही, मागच्या बाजूला लिहावं लागलं. तुम्ही ती घरी नेलीत आणि चार दिवसांनी आणून माझ्या टेबलावर ठेवलीत.

‘चांगली आहे. भाषा छान आहे. यात आम्ही लय नाचतो.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे मोजलं मी. दर चार पानांनी ढोल. पाऊस आला, ढोल. पोरगी वयात आली, ढोल. मॅडम, आमच्याकडे ढोल वर्षातून मोजक्या वेळा निघतो. बाकीचे दिवस आम्ही रेशनच्या रांगेत नाही तर द्राक्षाच्या बागेत. हे पुस्तक आमच्याबद्दल आहे. आमचं नाही.’

मग तुम्ही माझ्या कागदावर पेन्सिलीने, पट्टी न वापरता, सहावा रकाना ओढलात आणि वर लिहिलंत, ‘कोणाचं?’ रेघ वाकडी होती. मला रेघेचा राग आला. प्रश्नाचा विचार मी नंतर केला.

दुसरं पुस्तक समुद्रापलीकडच्या एका देशातल्या आदिवासी लेखिकेचं. अनुवाद उत्तम, सगळे रकाने भरलेले, तुमचा सहावासुद्धा. त्याला तुम्ही लगेच हो म्हणालात, आणि वर हेही म्हणालात, ‘बघा, सातासमुद्रापलीकडचा आदिवासी तुमच्या यादीत एका दिवसात आला. पेठ नाक्यापलीकडचा अजून यायचाय.’

‘मग आणा ना. नुसतं बोलू नका.’

तुम्ही दुसऱ्या दिवशी आणलंत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, पिवळ्या पुठ्ठ्याचं, पाठीवर शाईचा अंगठा उमटलेलं पुस्तक. सुरगाण्याकडच्या एका गावात अंगणवाडी चालवणाऱ्या यमुनाबाईंनी लिहिलेलं आणि नाशिकच्या एका छोट्या प्रेसकडून स्वतःच छापून घेतलेलं. मी ते शनिवारी दुपारी वाचायला घेतलं आणि रविवारी संध्याकाळी स्वयंपाक करायचा राहिला.

काय कादंबरी आहे, सर. आजी, आई आणि नात. आंब्यापल्याड त्यांचं एक शेत. इंग्रज साहेब येतो, जंगलाची हद्द आखतो, दगड रोवतो आणि शेत हद्दीच्या आत जातं. त्या दिवसापासून आजी स्वतःच्या शेतात चोर. पहाटे जाऊन नागली पेरायची आणि उजाडायच्या आत परत यायचं. पुढे साहेब जातो. दगड हलत नाही. नात शिकते, वनहक्काचा दावा टाकते. कचेरीत तिला विचारतात, जुन्या वहिवाटीचा पुरावा काय? ती म्हणते, आंबा. कचेरी म्हणते, आंबा हा कागद नाही.

सोमवारी मी तुम्हाला म्हटलं, ‘सर, या पेपरसाठी याहून नेमकं पुस्तक मिळणार नाही.’ तुम्ही खूश झालात, पण कबूल करतील ते भोये सर कसले.

‘पेपरचं नाव मात्र बदला. वसाहतोत्तर, म्हणजे वसाहत संपल्यानंतरचं. यमुनाबाई विचारते, कुठं संपली ते दाखवा.’

‘नाव विद्यापीठाने ठरवलंय.’

‘मग शेवटी प्रश्नचिन्ह टाका.’

‘प्रश्नचिन्ह त्यांच्या संगणकात बसत नाही.’

‘हेच म्हणतो मी.’

हा वाद अर्धाच राहिला. माझं मत अजून बदललेलं नाही, सर. पेपरच्या नावात प्रश्नचिन्ह नको. गुणपत्रिकेवर ते वेड्यासारखं दिसेल. पण पहिल्याच तासाला मी फळ्यावर पेपरचं नाव लिहून पुढे तुमचं प्रश्नचिन्ह काढणार आहे. वर्गाचा फळा विद्यापीठाचा नाही.

दुसरा वाद शब्दांचा. ‘राब’, ‘आवणी’, ‘खाचर’ हे शब्द शहरातल्या मुलांना कळणार नाहीत, मागे अर्थांची सूची जोडू, असं मी म्हणत होते. सूची तयारही केली होती, अकारविल्हे. तुम्ही ती बघितली आणि विचारलंत, ‘बी.ए.ला इंग्रजी कादंबरी होती तुम्हाला?’

‘होती.’

‘तिच्यात पानोपानी हीथ. हीथ म्हणजे काय हो? झुडूप की जागा?’

‘झुडूप. आणि जागासुद्धा.’

‘मला आज कळलं. तरी मला फर्स्ट क्लास होता. माझ्यासारख्या करंजाळीच्या पोराला हीथची सूची कोणी दिली नाही, मग कॉलेज रोडच्या पोराला राबाची कशाला? नाही कळलं तर शेजाऱ्याला विचारेल. एम.ए.च्या वर्गात शेजारी पेठचं नाही तर सुरगाण्याचं पोर बसलेलं असतं, मॅडम. दोन वर्षांत त्याला कोणी एक प्रश्न विचारत नाही. विचारू द्या की.’

सूची मी फाइलमधून काढून टाकली आहे. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

पण मूळ घोटाळा पुढे झाला, आणि तो मी केला. मसुदा पाठवायच्या आदल्या दिवशी कागद पुरा करायला बसले. यमुनाबाईंच्या कादंबरीपुढचा पाचवा रकाना रिकामा. तिच्यावर कुठल्याही मासिकात एक ओळ छापून आलेली नव्हती. तुम्ही लेख लिहिणार होतात, दोनदा सुरू केलात, दोनदा तुमच्या आळसाने सोडलात. हो, आळसच म्हणते. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण तुम्ही आळशी होतात आणि तुम्हाला त्याचा थोडा अभिमानही होता. तर रकाना रिकामा. मी म्हटलं, ‘सर, समीक्षा नसलेलं पुस्तक नेमता येत नाही.’

‘हे कुठं लिहिलंय?’

‘नियमात आहे, सर.’

‘नियम दाखवा.’

‘अकरा वर्षं अभ्यासक्रम करते आहे मी. मला माहीत आहे.’

आणि मी कादंबरी पूरक वाचनात टाकली. माझ्या दृष्टीने तो सुवर्णमध्य होता. नाव तरी यादीत राहील. पण पूरक वाचनावर परीक्षेत प्रश्न येत नाही, आणि ज्यावर प्रश्न येत नाही ते विद्यार्थी उघडत नाहीत, हे आपण दोघेही जाणून होतो. तुम्ही मसुदा वाचलात. स्टाफरूममध्ये आपण दोघेच होतो. तुम्ही अगदी हळू आवाजात म्हणालात, ‘मॅडम, ओट्यावर बसवून चहा दिलात.’

मी चिडले. दिवसभर त्याच फाइलवर राबले होते आणि त्याचं हे फळ. मी म्हटलं, ‘तुम्हाला प्रत्येक गोष्टीत तेच दिसतं.’

‘तेच’ म्हणजे काय, ते मी बोलले नाही आणि तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही हेल्मेट उचललंत, ‘येतो’ म्हणालात आणि गेलात. त्यानंतरचे पंधरा दिवस कामापुरतं बोलणं. फळ्यावर मी रोज दिवसाची कामं लिहायचे आणि वीस वर्षं तुम्ही शेवटी एक काम स्वतःच्या अक्षरात वाढवून ठेवायचात: ‘९. मॅडमनी एकदा हसणे.’ ‘११. खिडकीबाहेर बघणे, दोन मिनिटे, सक्तीचे.’ त्या पंधरा दिवसांत फळ्यावर फक्त माझंच अक्षर होतं. मी ठरवलं होतं, परीक्षा संपल्या की बोलू. तसं डायरीत लिहिलंही होतं. ती तारीख आली तेव्हा तुम्हाला जाऊन चार दिवस झाले होते.

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही न सांगता माझे सगळे तास घेतले होते. परत आले तर हजेरीची वही माझ्या पद्धतीने भरलेली, रकाने पट्टीने आखलेले. पट्टीने, सर. तुम्ही. त्या वहीबद्दल मी आभार मानले की नाही, ते मला आठवत नाही. मानले नसतील तर आता मानते.

तुमच्या मातीहून परत आल्यावर मी एकच काम हातात घेतलं. बैठकीला नऊ दिवस होते. पाठवलेल्या मसुद्याला यमुनाबाईंच्या पुस्तकाबद्दल एक टीप जोडायची होती, की अमुक क्रमांकाच्या नियमामुळे हे पुस्तक इच्छा असूनही नेमता आलं नाही. खरं सांगते, ती टीप तुमच्यासाठी होती. तुम्ही म्हणाला होतात ना, नियम दाखवा. तर नियम दाखवायचा होता. गेलेल्या माणसाशीही मला वाद जिंकायचा होता.

नियमांची पुस्तिका काढली. क्रमांक सापडेना. पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. मग विद्यापीठातल्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘मॅडम, असा नियम नाहीच. पुस्तक विद्यार्थ्यांना मिळालं पाहिजे आणि दोनशेहून जास्त पानांचं नको, एवढंच आहे.’

मी माझ्या जुन्या डायऱ्या काढल्या. अभ्यासमंडळावर नवीन गेले त्या वर्षीच्या डायरीत मिळालं. तेव्हाच्या एका ज्येष्ठ सरांनी जाता जाता सांगितलं होतं, ‘समीक्षा असलेलं पुस्तक घ्या, प्रश्नपत्रिका काढायला सोपं जातं.’ त्या सल्ल्याचा मी रकाना केला. रकाना वर्षानुवर्षं भरत राहिले आणि एका वर्षी तो माझ्या डोक्यात विद्यापीठाचा नियम होऊन बसला. विद्यापीठाने तसं कधीच म्हटलेलं नव्हतं. यमुनाबाईंना मीच ओट्यावर बसवलं होतं, आणि माझ्या त्या कागदाने याआधी किती जणांना दारातून परत पाठवलं असेल, ते मोजायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

सर, तुमचं बरोबर होतं. हे वाक्य समोर बसून म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. असो. रडून फाइल पुरी होत नाही.

पुस्तक नेमायला अडचण एकच उरली होती: ते विद्यार्थ्यांना मिळायला हवं. प्रेसमध्ये गेले. मालकांनी जुना संगणक उघडला. फाइल तशीच होती. म्हणाले, ‘कोणाचं पुस्तक असं पुसून टाकवत नाही हो. तुम्ही पत्र द्या, आठवड्यात छापून देतो.’ त्यांचंही पत्र घेतलं, शिक्क्यासकट. मग यमुनाबाईंची परवानगी. वणीवरून सुरगाण्याचा रस्ता धरला. तुमच्याबरोबर एकदा जायचं ठरलं होतं. मीच दर वेळी पुढे ढकललं होतं.

यमुनाबाई अंगणात नागली पाखडत होत्या. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, ‘वळखते मी तुमाला. सरांच्या मातीला तुमी गाड्या कुठं लावायच्या ते सांगत व्हत्या.’

मी चपला काढून बाजूला नीट लावून ठेवल्या.

‘बरं केलं,’ त्या म्हणाल्या. ‘रडनारे लय व्हते. गाड्या कोन लावनार?’

त्यांनी मला सरळ चुलीजवळ नेऊन बसवलं. माळ्यावर पुस्तकांचे दोन गठ्ठे होते. मी विचारलं, बाकीची कुठे गेली. तर या बाई लग्नात आहेर म्हणून पुस्तक देतात. ‘भांडी सगळेच देत्यात,’ म्हणाल्या.

‘मग लोक वाचतात का?’

‘वाचत्यात? भांडायला येत्यात!’

आणि त्यांनी भांडणं सांगायला सुरुवात केली. शेजारच्या पाड्यावरचा एकजण दोन मैल चालत आला होता, कारण आंबा त्यांच्या बाजूला आहे आणि बाईंनी तो पुस्तकात अलीकडे सरकवला. एका म्हातारीने नातीकडून सगळं पुस्तक वाचून घेतलं आणि निरोप धाडला, की फॉरेस्टवाल्यासमोर आजी रडते ते खोटं आहे, ‘मी नाय रडले, तर ती कशी रडंल?’ आणि खुद्द रिटायर झालेला फॉरेस्ट गार्ड आला होता. त्याची तक्रार, माझ्या तोंडी शिवी का घातली, मी शिव्या देत नव्हतो.

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘म्हनलं, देत व्हता. मी सोता ऐकली हाय. बस, चहा पी.’

सर, मी वही काढली आणि सगळं उतरवून घेतलं. लिहिता लिहिता लक्षात आलं. पहिलं भांडण स्थळाबद्दलचं, दुसरं पात्राबद्दलचं, तिसरं भाषेबद्दलचं. आपण वर्गात समीक्षेचे जे मथळे लिहून देतो, तेच. माझ्या पाचव्या रकान्यात बसणारं सगळं त्या पाड्यांवर केव्हाचं बोललं जात होतं. तुम्ही लेख लिहिला असतात तर आठ पानांत हेच सांगितलं असतंत, पण गार्डला चहा पाजल्याचं तुमच्याकडून राहिलं असतं.

बैठकीला मी तुमचा कागद घेऊन गेले, पेन्सिलीच्या वाकड्या रेघेचा तोच. विषय आला. मी उभी राहिले आणि म्हटलं, मसुद्यात दुरुस्ती आहे, पूरक वाचनातलं पहिलं पुस्तक नेमलेल्या पुस्तकांत घ्यायचं आहे, आणि तिथलं तिसरं पूरक वाचनात.

अध्यक्षांनी फाइल चाळली. ‘मॅडम, मसुदा तर तुमचाच आहे.’

‘हो सर. त्यात चूक आहे, आणि तीही माझीच.’

माझ्याकडून असं वाक्य त्या खोलीत पहिल्यांदाच ऐकलं गेलं असावं. टोकाला बसलेल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, ‘पण या पुस्तकावर समीक्षा कुठे आहे?’

‘समीक्षा हवी असा नियम दाखवा.’

पुस्तिका या हातातून त्या हातात फिरली. सापडला नाही. ते म्हणाले, ‘नियम नसेल, पण प्रघात आहे.’

‘प्रघात मीच पाडला होता, सर. मीच मोडते.’

कोणीतरी हसलं. मी प्रेसचं पत्र ठेवलं, यमुनाबाईंची सही ठेवली, आणि वहीतून तिन्ही भांडणं वाचून दाखवली. गार्डच्या शिवीला सगळी खोली हसली. मग अध्यक्ष म्हणाले, ‘मूळ पुस्तकातलं एखादं पान ऐकू या.’ मी दगड रोवतात ते पान वाचलं. तुमच्यासारखं वाचता आलं नाही मला; तुम्ही थांबायचात तिथे मी थांबत नाही. तरी पान शेवटपर्यंत वाचलं. संपल्यावर सटाण्याकडचे एक वयस्कर सदस्य, जे तीन वर्षांत बैठकीत प्रमाण मराठीशिवाय बोललेले नाहीत आणि तेही फार बोललेले नाहीत, एकदम अहिराणीत म्हणाले, ‘हाऊ दगड आमना शिवारमा बी शे.’ आमच्या शिवारातही आहे हा दगड. मग जरा ओशाळले आणि मराठीत म्हणाले, ‘माझं अनुमोदन.’

हात वर झाले. समीक्षा विचारणाऱ्या प्राध्यापकांचाही. मी मोजले, नेहमीप्रमाणे, आणि मोजून झाल्यावर पुन्हा मोजले, कारण पहिल्यांदा आकडा दिसेनासा झाला होता.

जिन्यात तुम्हाला फोन करता आला नाही, म्हणून यमुनाबाईंना केला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजे कालेजात शिकवनार?’

‘हो, आपल्या विद्यापीठाच्या सगळ्या एम.ए.च्या वर्गांत.’

‘आन् परीक्षा?’

‘वीस गुणांचा प्रश्न. सक्तीचा.’

‘आन् ज्यानं वाचलं नाय, तो?’

‘नापास होईल.’

मग त्या घराकडे तोंड करून ओरडल्या, ‘आरं ऐकलं का! शहरातली पोरं माह्या पुस्तकात नापास व्हनार हायेत!’ आणि हसायला लागल्या. त्यांच्यामागे आणखी कोणी, मग आणखी कोणी. सगळं अंगण हसत होतं. मी फोन कानाशी धरून जिन्यातच बसले, विद्यापीठाच्या पायरीवर, साडीचा विचार न करता, आणि सर, मीही हसले. मोठ्याने. खाली उतरणारे अध्यक्ष थांबून बघत राहिले.